एक टक्का प्रथिनांची किंमत

ऑपरेशन्स रिसर्चची ओळख बहुतेक ठिकाणी ‘सर्वांत उत्तम उत्तर काढून देणारे गणित’ अशी करून दिली जाते, आणि ती चुकीची नाही. पण पशुखाद्याच्या कारखान्यात मिश्रण ठरवण्याचे काम करता करता माझे मत असे झाले आहे की, धंद्याच्या दृष्टीने ते उत्तर हा या शास्त्राचा कमी मोलाचा भाग आहे. उत्तरासोबत संगणक आणखी एक तक्ता देतो, आणि आपण स्वतःवर घातलेली प्रत्येक अट आपल्याला किती रुपयांना पडते, हे त्यात लिहिलेले असते. मालकाने, खरेदी अधिकाऱ्याने आणि विक्री अधिकाऱ्याने समोरासमोर बसून वाचावा असा हा तक्ता आहे. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक कारखान्यांत तो कोणी उघडतही नाही, याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हा लेख.

पशुखाद्य, म्हणजे आमच्या भागात जिला गोळी पेंड म्हणतात ती, या शास्त्राच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी आहे. १९४५ साली जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक प्रश्न मांडला होता: सुमारे ७० किलो वजनाच्या माणसाला लागणारी नऊ पोषकद्रव्ये ७७ खाद्यपदार्थांमधून कमीत कमी खर्चात कशी मिळवता येतील? त्याने तर्काने आणि चिकाटीने १९३९ च्या दरांनुसार वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट असे उत्तर काढले. १९४७ मध्ये जॉर्ज डांत्झिग या अमेरिकन गणितज्ञाने अशा अटींमधले सर्वांत उत्तम उत्तर पायरीपायरीने शोधणारी सिम्प्लेक्स ही पद्धत शोधली, तेव्हा तिची परीक्षा पाहण्यासाठी हाच प्रश्न घेतला गेला. जॅक लॅडरमनच्या देखरेखीखाली नऊ कारकुनांनी हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर एकूण १२० मनुष्यदिवस आकडेमोड केली आणि अचूक उत्तर आले ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा तर्क केवळ २४ सेंटांनी हुकला होता. पीठ, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगांचे दाणे यांवर कोणी वर्ष काढणार नव्हते, त्यामुळे माणसांच्या ताटात या उत्तराला जागा मिळाली नाही. गोठ्यात मात्र मिळाली. १९५१ मध्ये फ्रेडरिक वॉ यांनी दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी हेच गणित मांडले आणि तेव्हापासून जगभरातले खाद्य कारखाने ते वापरत आले आहेत.

पुढचे सगळे मुद्दे एकाच उदाहरणावर चालवते. यातले दर आणि प्रमाणे समजायला सोपी जावीत म्हणून गोल केलेली आहेत. प्रत्यक्षात आम्ही याहून पुष्कळ जास्त घटक आणि अटी धरतो. समजा आपल्याकडे तीन घटक आहेत. मका २४ रुपये किलो, त्यात ९ टक्के प्रथिने. सोयाबीन पेंड ४२ रुपये किलो, त्यात ४५ टक्के प्रथिने. तेल काढलेला तांदळाचा कोंडा, ज्याला या धंद्यात सगळे डीओआरबीच म्हणतात, तो १५ रुपये किलो, त्यात १५ टक्के प्रथिने. ऊर्जेचे माप म्हणून आम्ही टीडीएन, म्हणजे एकूण पचनीय अन्नद्रव्ये, धरतो. ती मक्यात आणि सोयाबीन पेंडीत ८० टक्के, तर कोंड्यात ५६ टक्के आहेत असे धरू. आपल्याला १०० किलो खाद्य करायचे आहे, त्यात निदान २१ किलो प्रथिने आणि निदान ६८ किलो टीडीएन हवे आहे, आणि खर्च कमीत कमी हवा आहे.

उत्तर येते: २५ किलो मका, २५ किलो सोयाबीन पेंड, ५० किलो कोंडा. खर्च क्विंटलला २,४०० रुपये. ज्याला शंका असेल त्याने वहीवर बेरीज करून पाहावी; प्रथिने बरोबर २१ भरतात आणि टीडीएन बरोबर ६८.

खरेदी विभागात एक जुनी रीत आहे. घटकाच्या दराला त्यातल्या प्रथिनांनी भागायचे आणि प्रथिने किती रुपये किलो पडतात ते पाहायचे. त्या हिशेबाने सोयाबीन पेंडीतली प्रथिने ९३ रुपये किलो पडतात, कोंड्यातली १०० रुपये आणि मक्यातली जवळजवळ २६७ रुपये. या रीतीने चालणारा माणूस मक्याला हातही लावणार नाही, आणि तरीही सर्वांत स्वस्त मिश्रणात मका चौथा हिस्सा घेऊन बसला आहे, कारण स्वस्त कोंड्याने जी ऊर्जा कमी केली ती भरून काढण्याचे काम सर्वांत कमी खर्चात मकाच करतो. घटकाची किंमत एकट्याने ठरत नाही. सोबत कोण आहे आणि कोणत्या अटी आड येत आहेत, यावरून ती ठरते. मला या शास्त्राची गोडी लागली ती या एका गोष्टीमुळे.

आता तो दुसरा तक्ता. एक्सेलमधल्या सॉल्व्हरने हे गणित ‘सिम्प्लेक्स एलपी’ हा पर्याय निवडून सोडवले, तर शेवटी तो ‘सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट’ हवा का असे विचारतो. त्यात ‘शॅडो प्राइस’ नावाचा एक रकाना असतो. मी त्याला छाया-किंमत म्हणते. आपल्या उदाहरणात प्रथिनांच्या अटीपुढे तिथे ५० हा आकडा येतो. म्हणजे २१ ऐवजी २२ टक्के प्रथिने हवीत असे म्हटले, तर क्विंटलमागे ५० रुपये जास्त पडतील. २० चालतील असे म्हटले, तर ५० रुपये वाचतील.

हा आकडा हाती आला की पहिला प्रश्न असा पडायला हवा: २१ हा आकडा आला कुठून? भारतीय मानक ब्युरोच्या मानकात दुसऱ्या प्रकारच्या पशुखाद्याला निदान २० टक्के प्रथिने लागतात. वरचा एक टक्का कारखान्याने स्वतः ठेवलेला असतो, आणि त्याला सबळ कारण असते. प्रत्येक गाडीतला कच्चा माल सारखा नसतो. सोयाबीन पेंड ४५ ची सांगून ४३ ची येते, कोंड्यात कधी तूस जास्त असते, त्यामुळे तयार मालातली प्रथिने सरासरीच्या वरखाली होत राहतात. समजा त्यांचे प्रमाण-विचलन, म्हणजे सरासरीच्या वरखाली होण्याचे माप, अर्धा टक्का आहे. मग सरासरी २१ वर ठेवली की शंभरातल्या दोन-तीन नमुन्यांपलीकडे कोणी २० च्या खाली जाणार नाही. हा एक टक्का म्हणजे आपण आपल्याच अनिश्चिततेपोटी भरलेला विम्याचा हप्ता आहे, आणि छाया-किंमत त्या हप्त्याची रक्कम सांगते. दिवसाला १०० टन खाद्य काढणाऱ्या कारखान्यात ती रोजची ५०,००० रुपये होते.

एवढे समजल्यावर प्रयोगशाळेकडे पाहण्याची दृष्टी बदलते. गाडी दारात उभी असतानाच काही मिनिटांत प्रथिने आणि ओलावा सांगणारे एनआयआर यंत्र घ्यावे की नाही, हा प्रश्न एरवी ‘गुणवत्ता विभागाला हवे आहे’ आणि ‘यंदा पैसे नाहीत’ या दोन वाक्यांमध्ये अडकून पडतो. त्याचे उत्तर काढता येते. प्रत्येक गाडीचा खरा आकडा वेळेवर कळला आणि त्याप्रमाणे मिश्रण बदलता आले, तर तयार मालातले विचलन समजा अर्ध्यावरून ०.३ टक्क्यावर येईल. मग तेवढ्याच खात्रीसाठी सरासरी २०.६ पुरेल. वाचलेले ०.४ टक्के गुणिले ५० रुपये, म्हणजे क्विंटलमागे २० रुपये, दिवसाला २०,००० रुपये, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६० लाख रुपये. यंत्राच्या किमतीशेजारी हा आकडा लिहिला की बैठकीतली चर्चा वेगळी होते. हे ६० लाख उत्तराच्या पानावर, त्या २५–२५–५० मध्ये, कुठेच दिसत नव्हते.

दुसरा प्रश्न सरकी पेंडीचा, आणि तो नाजूक आहे. शेतकरी पोते उघडतो, मूठभर गोळी नाकाशी नेतो, आणि तिला सरकीचा वास आहे का ते पाहतो. विक्री विभागाचे म्हणणे असते की, निदान १० टक्के सरकी पेंड घातलीच पाहिजे. सरकी पेंड ३४ रुपये किलो, तिच्यात २२ टक्के प्रथिने आणि ७० टक्के टीडीएन असे धरले, तर वरच्या तक्त्यानुसार या मिश्रणात तिची लायकी, म्हणजे तिला जास्तीत जास्त जो दर देणे परवडेल तो, फक्त २५ रुपये ५० पैसे किलो ठरते. म्हणजे घातलेल्या प्रत्येक किलोमागे साडेआठ रुपये तोटा, १० किलोंचे ८५ रुपये, ५० किलोच्या पोत्यामागे साडेबेचाळीस रुपये. खरेदी अधिकाऱ्याला असा आकडा मिळाला की तो उद्याच सरकी बंद करायला निघतो.

इथे थांबले पाहिजे, आणि का थांबले पाहिजे हे मला गणिताने नाही, गोळी यंत्र चालवणाऱ्या काकांनी शिकवले. कोंडा वाढवलेला एक नवा फॉर्म्युला चालू असताना त्यांनी मला खाली बोलावून घेतले. कूलरमधून बाहेर पडणाऱ्या गोळ्यांची एक मूठ त्यांनी घेतली, अंगठ्याने दाबली, आणि तळहातावर उरलेला भुगा माझ्यापुढे धरला. “मॅडम, हे पोतं गोठ्यापर्यंत जाईस्तोवर निम्मं पीठ होतंय. तुमच्या कागदावर हे लिहिलंय का?” ते लिहिलेले नव्हते. गोळीची मजबुती ही अट कागदावर आणायची, तर निदान कोंड्यावर मर्यादा घालावी लागते. आपल्या उदाहरणात ती ४५ टक्के धरू.

गणित पुन्हा सोडवले की खर्च २,४०० वरून २,४६० वर जातो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसरा तक्ता जवळजवळ संपूर्ण बदलतो. ऊर्जा आता आपोआपच ६८ च्या वर, ६९.२ भरते, म्हणून ऊर्जेच्या अटीची छाया-किंमत शून्य होते. आधी टीडीएनच्या एका टक्क्याला ५० रुपये पडत होते. आता ऊर्जा जास्त आहे म्हणून एखाद्या घटकाला एक पैसाही जास्त द्यायचे कारण उरलेले नाही. प्रथिनांची किंमत ५० वर कायम आहे. आणि सरकी पेंडीची लायकी २५ रुपये ५० पैशांवरून ३० रुपये ५० पैशांवर चढली आहे. तिचा १० टक्क्यांचा आग्रह आता ८५ रुपयांचा नसून ३५ रुपयांचा आहे, पोत्यामागे साडेसतरा रुपये. विक्री विभागाला विचारायचा प्रश्न आता सरळ आहे: सरकीच्या नावावर पोत्याला साडेसतरा रुपये जास्त मिळतात का, किंवा तेवढ्या किमतीची जास्त पोती खपतात का? आमच्याकडे दुधाला भाव फॅटवर मिळतो, आणि सरकी पेंडीतल्या तेलाचा आणि तिच्या सावकाश पचणाऱ्या प्रथिनांचा फायदा शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात पाहिलेला आहे. माझ्या दोन अटींच्या गणिताला ते दिसत नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही. गणिताने भांडणाला एक आकडा दिला. निर्णय त्या आकड्याशी अनुभव ताडून घ्यायचा आहे.

राहून गेलेली अट काय करू शकते, याचा अनुभव खुद्द डांत्झिगने घेतला होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आपले वजन कमी करण्यासाठी हेच आहाराचे गणित मांडले. पोट भरल्याची भावना जास्तीत जास्त मिळावी म्हणून पाणी वगळून उरणारे वजन वाढवायचे, असे त्याने ठरवले. संगणकाने दिवसाला ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले, कारण तक्त्यात व्हिनेगरमधले पाणी धरलेलेच नव्हते. व्हिनेगर वगळले, तर सूप करायच्या खारट वड्या, दिवसाला २०० नग. त्यांच्यावर मर्यादा घातली, तर कोंडा. कोंड्यावर घातली, तर मळी. कोंडा आणि मळी म्हणजे आमच्या कारखान्याचा रोजचा माल, त्यामुळे हा भाग वाचताना मला फार जवळचे काहीतरी वाचल्यासारखे वाटले. डांत्झिगचे गणित एकदाही चुकले नव्हते. माणसाला जी गोष्ट इतकी उघड वाटते की ती लिहावी असे सुचतच नाही, तीच गणिताला ठाऊक नसते, आणि ती ज्यांना ठाऊक असते ती माणसे बहुधा यंत्रापाशी उभी असतात, बैठकीत नसतात.

छाया-किंमतीचा विचार डांत्झिगच्याही आधीचा आहे. लेनिनग्राडमध्ये १९३८ साली प्लायवूडच्या एका उद्योगाने लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाला विचारले होते की, वेगवेगळ्या जातींची लाकडे वेगवेगळ्या यंत्रांवर कशी वाटून दिली म्हणजे उत्पादन जास्तीत जास्त होईल. त्याने पद्धत शोधली आणि १९३९ मध्ये छोट्या पुस्तिकेत मांडली. प्रत्येक मर्यादेला तो एक गुणक जोडत असे; आज आपण ज्याला छाया-किंमत म्हणतो, तोच हा गुणक. लाकडाला किंवा यंत्राच्या तासाला केवळ टंचाईमुळे किंमत येते, हे म्हणणे तिथल्या अधिकृत अर्थशास्त्राला रुचणारे नव्हते. या विषयावरचे त्याचे मोठे पुस्तक महायुद्धाच्या काळात लिहून झाले होते, पण ते प्रसिद्ध व्हायला १९५९ उजाडले. १९७५ मध्ये त्याला त्यालिंग कूपमन्सबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या देशात किमती सरकार ठरवत होते, तिथल्या माणसाला गणिताच्या पोटातली किंमत दिसली, आणि बाजारभावावर चालणारे आम्ही मात्र तो रकाना न वाचता फाइल बंद करतो, हे मला खटकते.

रोजच्या कामात या तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग खरेदीच्या टेबलावर होतो. दलालाचा फोन येतो: इथेनॉल प्रकल्पातला मक्याचा डीडीजीएस आहे, घेता का? डीडीजीएस म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरणारा, वाळवलेला चोथा. दर ऐकल्याबरोबर हो किंवा नाही सांगायचे असते. त्यात २८ टक्के प्रथिने असतील, तर आपल्या सुधारलेल्या मिश्रणात त्याची लायकी ३३ रुपये ५० पैसे किलो येते. त्याच्या खाली कुठलाही दर असेल तर बोलणी पुढे न्यावीत, वर असेल तर फोन ठेवावा. हे एक आकडी उत्तर तयार ठेवण्यासाठी पुन्हा गणित सोडवायचीही गरज नसते, फक्त छाया-किंमतींची बेरीज करावी लागते. एक अट मात्र डीडीजीएसबरोबर आलीच पाहिजे. इथेनॉल करताना मक्यातला स्टार्च निघून जातो, त्यामुळे मक्यात बुरशीचे विष असेल तर ते डीडीजीएसमध्ये साधारण तिपटीने दाटते, आणि अफ्लाटॉक्सिन हे असेच एक विष खाद्यातून दुधात उतरते. ही मर्यादा गणितात न घालता केवळ ३३ रुपये ५० पैशांवर भरवसा ठेवणारा माणूस लहान मुलांच्या दुधाशी खेळतो आहे. या अटीची छाया-किंमत कितीही आली तरी ती सैल करायची नसते; ती मी वाचते ते फक्त स्वच्छ मालाला किती जास्त दर देणे परवडेल हे कळावे म्हणून.

आकडेमोडीची अडचण आता कोणालाच सांगता येणार नाही. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी असलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत काम करत असताना सिम्प्लेक्सला पर्याय ठरणारी नवी पद्धत मांडली, आणि विमान कंपन्या व दूरध्वनी जाळी यांसारखे प्रचंड आकाराचे प्रश्न सोडवण्याची वाट त्यामुळे रुंद झाली. आपल्या गोळी पेंडीला एवढ्या ताकदीची गरजही नाही. वीस घटक आणि तीस अटींचे गणित साध्या लॅपटॉपवर क्षणात सुटते. अवघड काम आहे ते दर आणि पृथक्करणाचे आकडे रोज खरे भरण्याचे, आणि तालुक्याच्या ठिकाणचा लहान कारखानादारही ते नेमाने करू शकतो.

एक मर्यादा मात्र प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. छाया-किंमत ठरावीक पट्ट्यातच खरी असते, आणि तो पट्टा त्याच अहवालात शेजारच्या दोन रकान्यांत दिलेला असतो. आपल्या उदाहरणात कोंड्याच्या ४५ टक्क्यांच्या मर्यादेची छाया-किंमत १२ रुपये आहे. गोळी मजबूत करता आली आणि ही मर्यादा ४८ वर नेता आली, तर क्विंटलला ३६ रुपये, म्हणजे १०० टनांवर दिवसाला ३६,००० रुपये वाचतील. गोळीची मजबुती बऱ्याच अंशी कंडिशनरमध्ये, म्हणजे गोळी होण्याआधी पीठ वाफवणाऱ्या यंत्रात, मिळणाऱ्या वाफेवर अवलंबून असते. वाफ ओली आली तर पीठ नीट शिजत नाही आणि डाय, म्हणजे पीठ दाबून गोळी काढणारा छिद्रांचा साचा, तुंबते. कोरडी आणि पुरेशा दाबाची आली तर कोंड्याचीही गोळी धरते. त्यामुळे वाफेची जुनी वाहिनी बदलावी का, दाब नियंत्रित करणारा झडप नवा घ्यावा का, कंडिशनर लांब करावा का, हे प्रश्न या १२ रुपयांशी येऊन भिडतात. कोंडा ५० टक्क्यांवर पोहोचला की ऊर्जेची अट पुन्हा आड येते आणि कोंड्याच्या मर्यादेची किंमत शून्य होते. त्यापलीकडे गोळी कितीही मजबूत झाली तरी मिश्रणाच्या खर्चात एक रुपयाही वाचणार नाही. म्हणून वाफेवर करायच्या खर्चाला वरची सीमा आहे, आणि ती दिवसाला ६०,००० रुपये आहे.